रकाना नववा

फॉर्म कन्नडात आहे.
भाची वाचते, मी मराठीत सांगतो,
ती पुन्हा कन्नडात उतरवते.
रकाना नऊ : क्लबचा इतिहास.
खाली पाच ओळी. पाचवी छापताना अर्धीच उमटलीय.

लिही. स्थापना चौऱ्याहत्तर साली, वडगावात.
सोमवारी लाइट नसायची, माग बंद,
आणि बंद मागाजवळ बसून माणसाला भांडण सुचतं
म्हणून निंगाप्पा ढवळीनं चेंडू आणला.
कॅम्पातल्या जवानांनी टाकून दिलेला,
एका बाजूनं पोट सुटलेला.
सरळ मारला की डावीकडं जायचा.
आमचा दावल मुजावर लेफ्ट विंगर झाला तो असा.

हे लिहू काय, मामा?
नको. नुसतं ‘स्थापना’ लिही.

जर्सी न खपलेल्या लुगड्यांच्या.
किरमिजी अंग, खाली चार बोटं काठ.
टिळकवाडीची पोरं ओरडायची,
‘आली बघा, ओटी भरायला आली!’
पहिल्या वर्षी सात मॅच, सात हार.
काठ मात्र उसवला नाही,
आमच्या हातचा होता की तो.

बी डिव्हिजन. मग एकदाच, त्र्याऐंशीला, ए.
त्या मोसमातला आमचा एक गोल
बाळेश उपाध्येच्या पाठीला लागून गेला.
तो तेव्हा बुटाची नाडी बांधत होता.
परत बी.
भाची विचारते, ‘परत बी’ला कन्नडात काय म्हणू?
म्हण, घरी आलो.

फळी होती क्लबच्या नावाची.
मराठीत रंगवली, एका रात्री डांबर.
कन्नडात रंगवली, पुन्हा डांबर.
दोन्ही वेळचं डांबर
गल्लीच्या तोंडाशी ठेवलेल्या त्याच डब्यातलं.
तिसऱ्यांदा निंगाप्पानं नुसता चेंडू काढला.
त्याला कुणी हात लावला नाही,
पण पोस्टमन वर्षभर पत्ता विचारत फिरला.

पुढं उद्यमबागचा एक फाउंड्रीवाला आला,
क्लबच्या नावाआधी त्याचं नाव बसलं.
तो बुडाला. मग प्लॉटवाला आला,
आम्ही ‘रॉयल्स’ झालो,
निळे कपडे, बस, एक परदेशी स्ट्रायकर
ज्याला आमच्याकडची आमटी सोसेना.
एका मार्चमध्ये बसही गेली, प्लॉटवालाही.
गोलपोस्टची जाळी कुणीतरी
कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.
कुणी ते मी सांगणार नाही, तो अजून सभासद आहे.

त्यानंतर नऊ वर्षं
एकही मॅच नाही.
हे लिहायचं कसं?
मी म्हटलं, सोडून दे, कुणाला कळतंय.

तेव्हा ती फाइल उचकटते
आणि पावत्या निघतात.
लीगची वर्गणी. नऊ वर्षं, नऊ पावत्या.
संघ नाही, मैदान नाही, जाळी खुराड्याला,
आणि दर जूनमध्ये कुणीतरी जाऊन
वडगाव वीव्हर्सचे पैसे भरून आलंय
यादीतून नाव उडू नये म्हणून.
सही : आय. मेंडिस.

इनास. आमचा गोलकीपर.
त्र्याऐंशीला एकेचाळीस गोल खाल्लेला,
खडेबाजारच्या बेकरीत पहाटे तीनला भट्टी पेटवणारा.
पावत्यांच्या घड्यांत अजून पीठ आहे.
मी रोज त्याच्याकडून पाव घेतला, नऊ वर्षं.
कधी म्हणाला नाही.
मीही विचारलं नाही, क्लब आहे का म्हणून.
गेल्या पावसाळ्यात गेला.

भाची पेन धरून बसलीय.
ती या साली सेंटर-हाफ खेळणार,
मुलींचा संघ, चौदा जणी,
दोघींना बूट यायचेत अजून.
नववा रकाना तिनं तिचाच भरला,
मला वाचून दाखवला नाही.
माझं कन्नड दुकानापुरतं,
अक्षरं लावत लावत एक शब्द सापडला,
‘मेंडिस’.
आणि पाचवी ओळ, ती अर्धी उमटलेली,
तिनं पट्टी ठेवून पुरी केलीय.

रकाना दहा : मिळवलेली विजेतेपदे.
तिथं एक आडवी रेघ.
पुढं?
पुढं फोटो चिकटवायचाय. डिंक आण जा.